फोन सुकतो, मीठ सुकत नाही

समुद्राच्या पाण्यात पडलेला फोन बहुधा त्याच दिवशी मरत नाही. बाहेर काढला, रुमालाने पुसला, रात्रभर तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला की सकाळी तो चालू होतो आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. चार-आठ दिवस बरे जातात. मग चार्जिंग मध्येच तुटायला लागतं, स्पीकरचा आवाज घोगरा होतो आणि एखाद्या संध्याकाळी स्क्रीन काळी पडते ती पडतेच. गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला गेलेल्या कितीतरी घरांत ही हकीकत ऐकायला मिळते. तिच्यात दोष तांदळाला दिला जातो, कधी नशिबाला. खरं दोषी असतं ते मीठ.

निव्वळ शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही. वाहते ती पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पावसाळ्यात खाड्या-नद्यांचं पाणी मिसळून किनाऱ्याजवळ ते थोडे कमी होतात, पण नळाच्या पाण्याच्या तुलनेत समुद्राचं पाणी तरीही शंभराहून अधिक पट सुलभतेने वीज वाहून नेतं. मुंबईत पावसाळ्यात हिंदमाता चौकात तुंबलेलं पाणी या दोहोंच्या मधलं. त्यात पावसाबरोबर रस्त्यावरची माती, तेल आणि गटाराचं पाणीही आलेलं असतं. म्हणून ‘फोन पाण्यात पडला’ एवढं सांगून भागत नाही. कुठल्या पाण्यात, हे आधी सांगायला हवं.

फोनच्या बोर्डावर तांब्याच्या रेषा आणि तिळाहून लहान सुटे भाग एकमेकांपासून मिलिमीटरच्या काही दशांशावर बसवलेले असतात. बॅटरी सुमारे चार व्होल्टची. टॉर्चच्या दोन-तीन सेलांएवढा हा दाब आपल्याला किरकोळ वाटतो, पण पाण्याचं विघटन व्हायला सव्वा व्होल्टही पुरतो. दोन शेजारच्या टोकांवर खाऱ्या पाण्याचा थेंब बसला की धन टोकाचं तांबं विरघळून त्याचे आयन पलीकडे निघतात आणि ऋण टोकावर पुन्हा धातू होऊन साचतात. साचतात तेही सपाट थर होऊन नव्हे, तर नेच्याच्या पानासारख्या फांद्या काढत. फांदी वाढत वाढत पहिल्या टोकाला टेकली की शॉर्ट. फोन बंद केल्याने हे पूर्ण थांबत नाही, कारण बॅटरी आतून जोडलेलीच असते आणि काही वाटांवर वीज कायम हजर असते.

आता तांदूळ. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. ते बोर्डावर, चिपांच्या पोटाखाली, चार्जिंग जॅकच्या सांध्यात पांढुरकं होऊन बसतं. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि त्याला तर ३३ टक्क्यांच्या आसपासची आर्द्रताही पुरते. पावसाळ्यात मुंबईची हवा बहुतेक वेळ ऐंशी टक्क्यांच्या वर असते. जुलैत स्वयंपाकघरातल्या बरणीत खडे मिठाला पाणी सुटतं, नेमकं तेच बोर्डावर होतं. वरून कोरडा ठणठणीत दिसणारा फोन आत रोज रात्री पुन्हा ओला होत असतो. नागपुरात मे महिन्यात जो फोन कदाचित तगला असता, तो सप्टेंबरात परळला आठवड्यात जातो. त्याला तांदळाचा कितीही मोठा डबा आणला तरी उपयोग नाही. अॅपलने तर २०२४ मध्ये आपल्या ग्राहकांना स्पष्टच सांगितलं, ओला फोन तांदळात ठेवू नका, त्याचे कण आत जाऊन आणखी नुकसान होईल.

मग करायचं काय? फोन ताबडतोब बंद करायचा आणि काही झालं तरी चार्जिंगला लावायचा नाही. फोन जलरोधक म्हणून विकलेला असेल आणि खारं पाणी किंवा सरबत लागलं असेल, तर गोड्या पाण्याने हळुवार धुवून पुसायचा. तसा नसेल तर ज्याला फोन उघडता येतो अशा माणसाकडे त्याच दिवशी न्यायचा. उद्यावर ढकलायचं नाही.

अशी माणसं आपल्याकडे आहेत आणि त्यांचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. तिथल्या आणि लालबाग-दादरच्या गल्ल्यांतल्या अरुंद दुकानांत काचेच्या काउंटरमागे एक मायक्रोस्कोप, एक हॉट एअर गन आणि आकडे दाखवणारा डीसी सप्लाय एवढ्या भांडवलावर फार नाजूक शस्त्रक्रिया चालते. फोन गरम करून मागची काच सुटी करायची, सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, मग बोर्ड बाहेर. चिपांवरच्या पत्र्याच्या टोप्या उचलल्या की खाली हिरवट-पांढरी बुरशीसारखी साय दिसते. ते तांब्याचे क्षार. आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, ओतून बारीक ब्रशने ती घासायची. नुसतं अल्कोहोल मीठ फारसं विरघळवत नाही, म्हणून घासणं महत्त्वाचं. जिथे सोय आहे तिथे बोर्ड अल्ट्रासॉनिक यंत्रात टाकून चिपांखालची घाणही हलवतात.

त्यानंतरची युक्ती मला सर्वांत आवडते. शॉर्ट नेमका कुठे आहे हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाला राळ लावून तिचा धूर बोर्डावर धरतात. बोर्डावर पांढरा, पिठासारखा थर बसतो. मग डीसी सप्लायने त्या वाटेवर बेताची वीज सोडायची. जो भाग शॉर्ट झालेला असतो तो तापतो, त्याच्यावरची राळ वितळते आणि पांढऱ्या बोर्डावर एकच ठिपका पारदर्शक होतो. बहुतेकदा तो मोहरीएवढाही नसलेला कपॅसिटर निघतो. तसे बरेच शेजारी-शेजारी काम करत असल्याने तो एक उपटून टाकला तरी अनेकदा फोन सुरू होतो. थर्मल कॅमेरा न घेता केलेलं हे उष्णताशास्त्र आहे, आणि ते ज्यांना येतं त्यांना आपण सहज ‘मोबाइलवाला’ म्हणून मोकळे होतो.

‘पण माझा फोन आयपी ६८ आहे’ असं पुष्कळांचं म्हणणं असतं. या आकड्यांचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६०५२९. पहिला ६ म्हणजे धूळ पूर्ण बंद. पाण्याच्या बाबतीत ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून कडक, पण खोली आणि वेळ कंपनीने स्वतः जाहीर करायची. चाचणी नव्या फोनवर, प्रयोगशाळेत, स्थिर गोड्या पाण्यात. लाटा नाहीत, वाळू नाही, साबण नाही, मीठ नाही. फोन बंदिस्त राहतो तो डिंकाच्या पट्ट्यांनी आणि रबरी कड्यांनी. गर्दीच्या लोकलमधली दाबादाबी, उन्हाने तापणं, एकदा पडणं, एकदा बॅटरी बदलणं यांतून ती बांधणी सैल होते आणि आकडा मात्र खोक्यावर तसाच राहतो. सिमच्या खाचेत वगैरे एक पांढरी पट्टी असते, ती पाणी लागताच लाल होते. ती लाल दिसली की सर्वसाधारणपणे वॉरंटी संपते. जलरोधक म्हणून जाहिरात करायची आणि पाण्याने बिघडला की हात वर करायचे, हा व्यवहार मला सरळ वाटत नाही.

काचेबद्दल थोडक्यात. फोनची काच सुमारे ४०० अंश सेल्सिअसच्या पोटॅशियमच्या क्षारात बुडवतात. काचेतले लहान सोडियम आयन बाहेर पडून त्यांच्या जागी मोठे पोटॅशियम आयन घुसतात आणि पृष्ठभाग घट्ट आवळला जातो. चीर उघडायला त्यामुळे कठीण जातं. पण चौपाटीच्या वाळूतला गारगोटीचा कण काचेहून कठीण असतो. खिशात वाळू असेल तर काचेवर ओरखडा उठतो आणि महिन्याभराने दादरच्या जिन्यावर फोन साध्या उंचीवरून पडला तरी चीर त्याच ओरखड्यापासून धावते. लोकांना वाटतं, एवढ्याशा पडण्याने कसा फुटला!

आता दुरुस्तीच्या त्या काउंटरवरचा खरा प्रश्न. कारागीर विचारतो, फोन पाहिजे की डेटा? बहुतेक लोक क्षणाचाही विचार न करता म्हणतात, डेटा. बाळाचे फोटो, वडिलांचा आवाज, दुकानाचा हिशेब, व्हॉट्सअॅपवरची सात-आठ वर्षं. पूर्वी मेमरीची चिप काढून दुसऱ्या यंत्रात वाचता यायची. आता नाही. अँड्रॉइड १० पासून प्रत्येक नव्या फोनमध्ये साठवण कूटबद्ध असणं सक्तीचं आहे, आयफोनमध्ये ते त्याच्या बऱ्याच आधीपासून आहे. किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरमध्ये कोरलेली. चोरापासून हे उत्तम संरक्षण आहे आणि मी ते काढा असं कधीही म्हणणार नाही. पण त्यामुळे मेलेल्या फोनमधून काही काढायचं तर तोच प्रोसेसर, तीच मेमरी पुन्हा एकदा जिवंत करावी लागते, वेळ पडली तर दोन्ही उचलून दुसऱ्या सुस्थितीतल्या बोर्डावर बसवावी लागतात. तासभर फोन उठला, फोटो उतरवून घेतले आणि मग पुन्हा मेला तरी गिऱ्हाईक समाधानाने जातं.

टिकाऊपणाची आपली कल्पना इथे बदलायला हवी असं मला वाटतं. फोन किती उंचीवरून पडून वाचतो, यापेक्षा त्यातलं आपलं जे आहे ते किती सहज बाहेर येतं, हे मोजायला हवं. आणि हा प्रश्न फक्त बुडालेल्या फोनचा नाही. ठणठणीत फोन हातात असताना अँड्रॉइडवरून आयफोनवर किंवा उलट जायचं म्हटलं तरी हीच अडचण समोर येते. नंबर जातात, फोटो जातात. पैसे देऊन घेतलेली अॅप पलीकडे पुन्हा विकत घ्यावी लागतात. युपीआय नव्या हँडसेटवर एसएमएस पाठवून नव्याने जोडावं लागतं, ते सुरक्षेसाठी योग्यच. सर्वांत जास्त घोळ व्हॉट्सअॅपचा. त्याचा बॅकअप अँड्रॉइडवर गुगलच्या खात्यात आणि आयफोनवर आयक्लाउडमध्ये जातो आणि एकाचा दुसऱ्याला वाचता येत नाही. दोन्हींमध्ये गप्पा नेण्याची अधिकृत वाट २०२१ मध्ये आधी आयफोनवरून सॅमसंगकडे आणि २०२२ मध्ये अँड्रॉइडवरून आयफोनकडे उघडली. तीही दोन्ही फोन समोरासमोर चालू असतील तरच. जुना बुडाला असेल तर क्लाउडमधला बॅकअप असूनही माणूस आपोआप जुन्याच प्रणालीच्या फोनकडे जातो. नवा फोन कुठला घ्यायचा हे मग आवडीने ठरत नाही, अडकलेल्या फोटोंनी आणि गप्पांनी ठरतं.

काही फोन तर बुडायची, फुटायची वाटही पाहत नाहीत. २००३ सालचा नोकिया ११०० आठवा. धूळ न जाणारं सलग की-पॅड, हातातून न निसटणाऱ्या बाजू, टॉर्च. भारतासारख्या देशांकडे बघून केलेला तो फोन जगात २५ कोटींच्या वर खपला आणि एखाद्या खणात अजून चालू स्थितीत सापडेल. याउलट ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनच्या सेवा कंपनीने ४ जानेवारी २०२२ ला बंद केल्या. विंडोज फोनवर व्हॉट्सअॅप २०१९ च्या अखेरीस थांबलं. त्या फोनांच्या बोर्डाला काहीही झालं नव्हतं. आज गुगल आणि सॅमसंग आपल्या महागड्या मॉडेलना सात वर्षं अपडेट देतात, पण परळच्या नाक्यावर दहा-बारा हजारांत मिळणाऱ्या फोनच्या वाट्याला ती येत नाहीत. ज्याला फोन सर्वांत जास्त काळ वापरायचाय, त्यालाच सर्वांत कमी आयुष्याचा मिळतो. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून फोनची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट, सात वर्षं सुटे भाग आणि ८०० वेळा चार्ज होऊनही ८० टक्के क्षमता राखणारी बॅटरी बंधनकारक केली आहे. म्हणजे तंत्र आडवं येत नाही, हे उघड आहे.

आपल्याकडे सक्तीने काही झालेलंच नाही असं मात्र नाही. २० जानेवारी २०११ ला देशभर नंबर पोर्टेबिलिटी आली. तोवर नंबर जाईल या भीतीने लोक रेंज नसलेल्या कंपनीला धरून बसत. नियम झाला आणि नंबर कंपनीचा न राहता माणसाचा झाला. फोटो, गप्पा, नोंदी यांना असा नियम नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये ‘दुरुस्तीयोग्यता निर्देशांका’चा अहवाल दिला. फोन किती सहज उघडतो, सुटे भाग किती लवकर मिळतात, अपडेट किती काळ येतील यावर कंपनीने स्वतः गुण जाहीर करायचे आणि ते विक्रीच्या जागी ग्राहकाला दिसायला हवेत, अशी ही रचना. बॅटरी, डिस्प्ले, कॅमेरा, चार्जिंग पोर्ट असे भाग तिच्यात मोजले आहेत. चांगली सुरुवात आहे. तिच्यात आणखी दोन गोष्टींना गुण द्यावेत. एक, बोर्डाचा नकाशा कारागिराला कंपनीकडून रीतसर मिळतो का. आज तो इकडून-तिकडून मिळवावा लागतो. दुसरी, फोन चालू असो वा बंद पडलेला, मालकाला आपलं सगळं उचलून दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या फोनवर नेता येतं का. आणि गुण देणारा कंपनीचा माणूस नसावा. ज्याने राळेच्या धुरात तो बोर्ड पाहिला आहे, त्यालाही त्या टेबलावर जागा हवी.