खानदेशच्या आहारातील क-जीवनसत्त्व

केळी हे जळगाव जिल्ह्याचे वैभव होय. रावेर, यावल व चोपडा ह्या तालुक्यांतील केळीने देशभर नाव मिळविले आहे. तथापि क-जीवनसत्त्वाच्या बाबतीत केळे दुबळेच ठरते. १०० ग्रॅम केळ्यात ते १० मिलिग्रॅमहूनही कमी असते; तितक्याच वजनाच्या पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्या आसपास भरते. फळ खाल्ले की सर्व काही मिळाले, ही समजूत म्हणूनच तपासून पाहावी लागते.

क-जीवनसत्त्वाचे रासायनिक नाव अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल असे आहे. त्याच्या एका रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे ८ व ऑक्सिजनचे ६ अणू असतात. हे पांढरे, स्फटिकरूप, चवीला आंबट द्रव्य पाण्यात सहज विरघळते. पण आंबटपणा ही त्याची खूण मात्र नव्हे. चिंच आंबट असूनही तिच्यात ते नाममात्र असते, तर तिखटजाळ हिरव्या मिरचीत ते विपुल असते. हंगेरीतील शास्त्रज्ञ सेंट-जॉर्जी ह्यांनी हे द्रव्य मोठ्या प्रमाणात मिळविले ते मिरचीच्याच एका जातीपासून. त्यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. नंदुरबारचा परिसर (१९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेला) मिरचीसाठी प्रसिद्ध आहे, हे येथे सहज आठवते. मात्र उन्हात वाळविलेल्या मिरचीत ताज्या मिरचीइतके जीवनसत्त्व उरत नाही, आणि कोणी मिरच्या खाऊन पोट भरीत नाही, हेही खरे.

गाय, बैल, शेळी ह्यांचे शरीर हे जीवनसत्त्व स्वतःच तयार करते. मनुष्याला ती शक्ती नाही. त्याला ते रोज अन्नातून घ्यावे लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढ पुरुषास दररोज ८० व स्त्रीस ६५ मिलिग्रॅमची शिफारस केली. अंगावर पाजणाऱ्या मातेस याहून बरेच अधिक लागते. त्याची दीर्घकाळ उणीव राहिल्यास हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते, जखमा लवकर भरत नाहीत. ह्या विकारास स्कर्व्ही म्हणतात. १९३९-४० च्या हिस्सारच्या दुष्काळात ह्या रोगावर आवळ्याचा चांगला उपयोग झाला होता.

दुसरे कार्य खानदेशच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. बाजरीच्या व कळण्याच्या भाकरीतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. त्याच जेवणात क-जीवनसत्त्व असेल, तर ते अधिक शोषले जाते. रक्तक्षय झालेल्या स्त्रियांना म्हणूनच भाकरीबरोबर लिंबाची फोड घेण्यास सांगावे. जेवणानंतर दोन तासांनी घेतलेल्या सरबताने हा लाभ होत नाही.

हे द्रव्य जितके गुणकारी, तितकेच नाजूक. उष्णता, हवा व क्षार ह्यांनी ते नष्ट होते. कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात तर फार लवकर. मेथी किंवा पोकळा चिरून मग धुतल्यास ते पाण्याबरोबर वाहून जाते. भाजी हिरवीगार दिसावी म्हणून सोडा घालण्याची चाल सर्वस्वी अनिष्ट होय. भरिताची वांगी निखाऱ्यावर भाजताना त्यातील बराच भाग जातो, पण शेजारी घेतलेली कांद्याची कच्ची पात ती उणीव काही अंशी भरून काढते. ह्या जुन्या रीतीत मोठे शहाणपण आहे.

ग्रामसेवकांना सभेत एक सोपा प्रयोग दाखविता येईल. तांदळाच्या पातळ पेजेत जखमेवर लावण्याच्या आयोडीनचा एक थेंब टाकावा. पेज निळी होते. तीत ताज्या लिंबाचा रस थेंबाथेंबाने मिसळावा. निळा रंग नाहीसा होतो. तोच रस बराच वेळ उकळून घेतला, तर अधिक थेंब लागतात. प्रयोगातील पेज कोणी पिणार नाही, एवढी दक्षता घ्यावी.

खरी अडचण उन्हाळ्यात येते. पेरू व आवळ्याचा हंगाम संपलेला असतो, विहिरी आटलेल्या असतात आणि लिंबू महाग होते. अशा वेळी मटकी व मूग उपयोगी पडतात. कोरड्या कडधान्यात हे जीवनसत्त्व जवळजवळ नसतेच. मोड येताना ते तयार होते. मोड आलेले मूठभर मूग स्वच्छ पाण्याने धुऊन कच्चे किंवा अर्धवट वाफवून खावेत. शेवगा कमी पाण्यावर तगतो व त्याचा पाला ह्या बाबतीत अतिशय समृद्ध आहे. बांधावर वा परसात एक शेवगा, एक कागदी लिंबू व एक आवळा लावावयाचा झाल्यास खड्डे उन्हाळ्यातच खणून तापू द्यावेत आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर रोपे लावावीत.