अकोला जिल्हा परिषदेचा निकाल कसा वाचायचा? तरुण कार्यकर्त्यांसाठी काही नोंदी



जिल्हा परिषदेचा निकाल लागला की आपल्या मोबाईलवर दोनच प्रकारचे मेसेज फिरतात. एक गुलाल उधळणारा, दुसरा 'समाज विकला गेला' असे म्हणणारा. निकाल नेमका काय सांगतो, हे समजावून सांगणारा मेसेज मात्र क्वचितच येतो. म्हणून या लेखात आम्ही अकोला जिल्हा परिषदेचा निकाल उदाहरण म्हणून घेतला आहे. आंबेडकरी राजकारणाने महाराष्ट्रात ज्या मोजक्या ठिकाणी सत्ता चालवून दाखवली, त्यात अकोल्याचे नाव पहिले येते. तिथले गणित समजले तर आपल्या जिल्ह्याचे समजायला वेळ लागणार नाही.

निकाल काय होता?

7 जानेवारी 2020 रोजी मतदान झाले आणि दुसऱ्या दिवशी मतमोजणी. एकूण जागा 53. वंचित बहुजन आघाडी 22, शिवसेना 13, भाजप 7, काँग्रेस 4, राष्ट्रवादी काँग्रेस 3 आणि अपक्ष 4.

आता त्याआधीचे तीन महिने आठवा. ऑक्टोबर 2019 च्या विधानसभा निवडणुकीत वंचितला राज्यात एकही जागा मिळाली नव्हती. अकोला जिल्ह्यातील 5 पैकी 4 आमदार भाजपचे आणि एक शिवसेनेचा. त्याच वर्षी लोकसभेला ॲड. प्रकाश आंबेडकर अकोल्यातून पराभूत झाले होते. मग तीन महिन्यांत जिल्हा उलटा फिरला का? नाही. मतदार तेच होते, निवडणुकीची रचना वेगळी होती.

पहिला फरक, जिल्हा परिषदेला फक्त ग्रामीण मतदार मतदान करतात. अकोला महापालिका आणि नगरपालिकांचे मतदार यात नसतात. दुसरा फरक, गट लहान असतो. जिल्ह्यात विधानसभेचे मतदारसंघ 5, पण त्या निवडणुकीत जिल्हा परिषदेचे गट 53 आणि पंचायत समितीचे गण 106 होते. लहान गटात पैसा आणि प्रचाराच्या लाटेपेक्षा ओळख, गावकी आणि रोजचे काम जास्त चालते. तिसरा फरक, विधानसभेला भाजप आणि शिवसेना एकत्र होते, जिल्हा परिषदेला समोरासमोर होते. लढत बहुरंगी झाली.

बहुरंगी लढतीचे गणित साधे आहे. समजा एका गटात 10 हजार मतदान झाले आणि चार तगडे उमेदवार आहेत. तिथे 3 हजार 200 मते घेणाराही निवडून येऊ शकतो. सरळ लढतीत तीच मते घेऊन तो मोठ्या फरकाने पडेल. म्हणून निकाल वाचताना फक्त जागा मोजू नका. आपल्या उमेदवाराला किती मते पडली, दुसरा कितीवर राहिला आणि बाकीची मते कुठे गेली, हे प्रत्येक गटाचे लिहून काढा.

फक्त आपल्या मतांवर हे झाले का?

2011 च्या जनगणनेनुसार अकोला जिल्ह्यात बौद्धांची लोकसंख्या सुमारे 18 टक्के आहे. महाराष्ट्राच्या सरासरीपेक्षा हे प्रमाण तिपटीच्या आसपास आहे. तरीही 18 टक्क्यांवर 53 पैकी 22 जागा येत नाहीत. ज्याला 'अकोला पॅटर्न' म्हणतात, तो हाच. बौद्धांच्या भक्कम मतांना लहान ओबीसी जाती, भटके-विमुक्त, आदिवासी आणि मुस्लिम यांची जोड देणे, आणि ज्यांना प्रस्थापित पक्ष उमेदवारी देत नाहीत त्यांना उमेदवारी देणे. ज्या जातीचा सरपंचही कधी झाला नव्हता, तिला जिल्हा परिषदेचा सदस्य मिळाला की ती जात सोबत येते आणि टिकते. हे काम निवडणुकीच्या महिन्यात होत नाही, त्याला वर्षे लागतात.

22 जागा, पण बहुमत 27 चे

अध्यक्ष थेट जनतेतून निवडला जात नाही, सदस्य निवडतात. त्याचा कालावधी अडीच वर्षांचा असतो आणि पदाचे आरक्षण फिरते असते. 53 च्या सभागृहात बहुमताला 27 लागतात. 17 जानेवारी 2020 च्या निवडीत भाजपचे 7 सदस्य मतदानापासून दूर राहिले आणि वंचितच्या प्रतिभा भोजने 25 विरुद्ध 21 मतांनी अध्यक्ष झाल्या. 7 जण बाहेर राहिल्याने 46 मतांतच निकाल लागला आणि 25 पुरेसे ठरले.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, सर्वात मोठा पक्ष होणे आणि सत्तेत येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी, कोण मतदानाला आले नाही, हेही कोणाला मत पडले इतकेच महत्त्वाचे असते. विरोधकाच्या गैरहजेरीवर मिळालेली सत्ता घेऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. पण ती किती पातळ आहे, याचे भान कार्यकर्त्याला हवे.

ओबीसींच्या 14 जागा आणि आपण

4 मार्च 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास गवळी प्रकरणात निकाल दिला. स्थानिक संस्थांतील एकूण आरक्षण 50 टक्क्यांच्या वर जाता कामा नये आणि ओबीसी आरक्षणासाठी आधी आयोग नेमून माहिती गोळा करावी, असे न्यायालयाने सांगितले. अकोल्यात ओबीसींसाठी राखीव असलेल्या 14 जागा रिकाम्या झाल्या आणि खुल्या म्हणून त्यांची पोटनिवडणूक लागली. 5 ऑक्टोबर 2021 ला मतदान झाले. 14 पैकी 6 जागा वंचितने जिंकल्या.

अनुसूचित जातींच्या जागांना या निकालाने धक्का लागला नाही. म्हणून त्या वेळी आपल्यातील काही तरुण म्हणत होते, 'हा ओबीसींचा प्रश्न आहे, त्यांनी बघावा.' आम्हाला ही भूमिका चुकीची वाटते. संविधानातील कलम 340 बाबासाहेबांच्या आग्रहातून आले. मागासवर्गीयांसाठी आयोग नेमला जात नाही, हे त्यांच्या 1951 च्या राजीनाम्यामागील एक कारण होते. आणि व्यवहाराचे बोलायचे तर अकोल्यातील सत्ता उभीच राहिली ती ओबीसींच्या सोबतीने. सोबत्याच्या जागा गेल्या की आपली सत्ताही डळमळते.

सत्ता मिळाली तर नेमके काय हाती येते?

जिल्हा परिषद म्हणजे शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण रस्ते, पाणी, शेती, पशुसंवर्धन आणि समाजकल्याण. आपल्या वस्त्यांशी थेट संबंध असलेल्या चार गोष्टी प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असाव्यात.

1. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातील 20 टक्के निधी मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी. यालाच आपण 20 टक्के सेस म्हणतो.
2. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना, म्हणजे जुनी दलित वस्ती सुधार योजना.
3. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना, ज्यातून आपल्या शेतकऱ्यांना विहिरीसाठी अनुदान मिळते.
4. रमाई आवास योजना.

वस्तीचा रस्ता दुसरीकडेच खर्ची पडणे, निधी मार्चअखेर घाईत उडवणे किंवा परत जाणे, या तक्रारी आपण नेहमी ऐकतो. सभागृहात विचारणारा सदस्य असेल तर उत्तर द्यावे लागते. अकोला जिल्हा परिषदेची मुदत जानेवारी 2025 मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. राज्यातील अनेक जिल्हा परिषदांत तर प्रशासक त्याआधी कित्येक महिने बसले होते. सदस्य नसले की सर्वसाधारण सभा नाही, आणि वस्तीचा प्रश्न मांडायला हक्काची जागा नाही. निवडणूक लांबणे हे आपल्यासाठी नुसते राजकीय नुकसान नाही, ते रोजच्या जगण्याचे नुकसान आहे.

आता काय करायचे?

आपल्या गटाची मागच्या निवडणुकीची बूथनिहाय आकडेवारी मिळवा. मतदार यादीत वस्तीतील अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाचे नाव आहे का, ते घरोघरी जाऊन तपासा. राखीव जागेवर लढू इच्छिणाऱ्यांनी जात वैधता प्रमाणपत्राची तयारी आजच करावी. 1990 च्या दुरुस्तीमुळे बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा आहे, पण वैधता ठरलेल्या मुदतीत सादर झाली नाही तर जिंकलेली जागाही जाते. निम्म्या जागा महिलांच्या असतात. निवडणूक लागल्यावर 'कोणाची तरी बायको' शोधण्यापेक्षा बचत गटात, विहारात, शाळा समितीत काम करणाऱ्या भगिनींना आत्तापासून पुढे आणा. आणि 20 टक्के सेसचा मागील तीन वर्षांचा खर्च माहितीच्या अधिकारात मागवा. त्यासाठी निवडून येण्याची गरज नाही.

अकोल्याने दाखवून दिले की राज्यात शून्य असतानाही जिल्ह्यात सत्ता येऊ शकते. ती ज्यांनी आणली ते कार्यकर्ते पाच वर्षे गावात होते. आपल्या गटात आपण किती दिवस असतो, याचा हिशोब निकालाच्या आधी मांडलेला बरा.

जय भीम! जय संविधान!