वारा वाढण्याआधी शीड आवरा

मैत्रिणींनो, वाढत्या अंगाच्या मुलीचा फ्रॉक शिवताना आपण खाली चांगली चार बोटे दुमड ठेवतो. मुलगी उंच झाली की टाके उसवायचे आणि दुमड सोडायची. शिडाच्या होडीवरही असेच असते. वारा वाढला की मोठे शीड खालच्या बाजूने दुमडून आखूड करायचे आणि वारा पडला की दुमड सोडायची. याला रीफ घेणे म्हणतात. काम तसे साधे, पण ते वेळेवर न केल्यामुळे २०२४ च्या मार्चमध्ये भर समुद्रात आमची जी गाळण उडाली, ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझे थोरले दीर मालवाहू जहाजावर नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन मित्रांबरोबर एक २६ फुटी शिडाची होडी घेतली. आत दोघांना पाठ टेकता येईल एवढी जागा आणि चहापुरती शेगडी. त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला आम्ही गेटवेजवळून मांडव्याकडे निघालो. दादा, वहिनी (म्हणजे माझ्या जाऊबाई), आमचे हे, मी आणि आमचे बारा वर्षांचे चिरंजीव.

वारा पाठीमागून होता. ऊन छान, होडी संथ. थालीपिठे निघाली, थर्मास उघडला. मला तर वाटले, वारा असा नाहीच! तासाभराने मात्र लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागला. वहिनींनी एकदा मागे पाहिले, एकदा शिडाकडे पाहिले आणि हळूच मला म्हणाल्या, “रीफ घ्यायला हवी गं आता.”

“मग सांगा ना दादांना.”

“जाऊ दे. म्हणतील, इतक्यात घाबरलीस?”

मीही गप्प बसले. आपल्याला काय कळतं त्यातलं, असा विचार केला. वास्तविक मी शाळेत भूगोल शिकवते. रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे, दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे, हे दरवर्षी फळ्यावर बाण काढून सांगते. जमीन तापत जाते तसा दुपारी खारा वारा वाढत जातो, हेही माझ्याच तोंडचे वाक्य! पण ते फळ्यावर राहिले.

मांडवा जवळ आल्यावर दादांनी होडी परत वळवली मात्र, क्षणात चित्र पालटले. होडी एका अंगावर इतकी कलली की खालच्या काठावरून पाणी आत येऊ लागले. थर्मास गडगडत गेला, डबा गेला आणि त्यामागून चिरंजीव घसरले. वहिनींनी त्याची कॉलर पकडली म्हणून बरे. दादा दोन्ही हातांनी सुकाणूची दांडी ओढत होते, तरी होडी आपल्याच मनाने वाऱ्याकडे तोंड फिरवी आणि शीड धाडधाड आपटे. अखेर ह्यांच्या हाती दांडी देऊन दादा डोलकाठीपाशी गेले. एरवी पाच मिनिटांचे काम, पण ताणलेले दोर सुटेनात. पंचवीस मिनिटे लागली आणि दादांच्या तळहाताची सालटे निघाली.

एवढा वारा आला कुठून?

गंमत अशी की, वारा एकदम वाढलाच नव्हता. समजा, वारा ताशी १५ सागरी मैलांचा आहे आणि होडी त्याच्याच दिशेने ताशी ५ मैल चालली आहे. मग आपल्याला जाणवतो तो फक्त १० मैलांचा. तीच होडी उलट फिरून तिरकी वाऱ्याकडे चढू लागली की जाणवणारा वारा १९ मैलांच्या घरात जातो. शिवाय वारा दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. त्यामुळे वळण घेताच आमच्या शिडावरचा जोर साडेतीन पट झाला! म्हणून वारा पाठीशी असताना सुख वाटते, त्यावर विसंबू नये. अधूनमधून मागे तोंड फिरवून वारा पाहावा.

रीफ केव्हा घ्यावी?

पाण्यावर जिकडेतिकडे फेस दिसू लागला, होडी २० अंशांहून जास्त कलू लागली किंवा सुकाणूची दांडी जड लागू लागली की समजावे, शीड जास्त झाले. कललेली होडी वेगाने जाते असे वाटते, पण ती नुसती बाजूला सरकत असते. रीफ घेतल्यावर आमची होडी सरळ झाली आणि वेग म्हणाल तर तसूभरही कमी झाला नाही.

कृती

शिडाच्या खालच्या काठाला जी आडवी दांडी असते, तिला बूम म्हणतात. एवढे लक्षात ठेवले की पुढचे सोपे आहे.

१. प्रत्येकाने लाइफ जॅकेट घालावे. डोलकाठीपाशी जाणाऱ्याने सुरक्षा पट्टा होडीला अडकवावा. सुकाणू दुसऱ्याच्या हाती द्यावे. होडी वाऱ्याला तिरकी धरावी आणि पुढच्या छोट्या शिडात वारा भरलेला राहू द्यावा, म्हणजे ती भरकटत नाही.

२. बूमला वरून तोलणारा दोर ताणून घ्यावा, नाहीतर बूम खाली कोसळून कुणाच्या तरी डोक्यात बसायची. मग बूमला आत ओढून धरणारा दोर सैल सोडावा. शीड फडफडू लागले की त्यातला जोर गेला.

३. शीड वर चढवण्याचा दोर खुणेपर्यंत सोडावा. शिडाच्या डोलकाठीकडच्या काठाला धातूची कडी असते. ती बूमच्या मुळाशी असलेल्या आकड्यात अडकवावी.

४. वर चढवण्याचा दोर पुन्हा कडक ताणावा. काठावर सुरकुती राहू नये.

५. मागच्या काठाच्या कडीतून रीफचा दोर ओवलेला असतो. तो ओढून कडी बूमला टेकवावी. सगळा ताण आता या दोन कड्यांवर.

६. बूमचा तोलदोर सैल करून शीड पुन्हा वाऱ्याला भरावे. लोंबणारी दुमड मधल्या नाड्यांनी सैलसर बांधावी. नाड्यांवर ताण आला तर कापड तिथेच फाटते.

पहिल्या रीफने मोठे शीड साधारण पाव हिस्सा कमी होते. सोडताना क्रम उलटा : आधी सगळ्या नाड्या, मग मागची कडी, मग पुढची. एखादी नाडी विसरून शीड वर ओढाल तर टर्रकन फाटेल.

हे बायकांचे काम नव्हे, असे कुणी म्हणाले तर त्याला ‘तारिणी’ची आठवण द्यावी. गोव्यात बांधलेल्या या सुमारे १७ मीटर लांबीच्या शिडाच्या नौकेतून नौदलाच्या सहा महिला अधिकारी, लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली, १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ ला परतल्या. पुढे २ ऑक्टोबर २०२४ ला दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच त्याच नौकेतून निघाल्या आणि २९ मे २०२५ ला प्रदक्षिणा पुरी करून आल्या. केप हॉर्नचे खवळलेले पाणी ओलांडायचे ते शीड वेळोवेळी आखूड करतच!

शिडाच्या होडीवरच्या लोकांत एक जुना नियम आहे : रीफ घ्यावी का, असा विचार पहिल्यांदा मनात येईल, तीच ती घेण्याची वेळ. आमच्या होडीवर हा विचार वेळेवर आला होता, पण तो वहिनींच्या आणि माझ्या मनातच राहिला. त्या दिवशी दादांची चूक निम्मी, आमच्या गप्प बसण्याची निम्मी. घाबरट ठरू नये म्हणून आम्ही मुलाला पाण्याच्या काठावर बसवून ठेवले, हे आठवले की अजून काटा येतो. अंगावरचे काम असो, घरखर्च असो, “आता आवरायला हवं” हे ज्या बाईला आधी दिसते, तिने ते आधी बोलावे. अंदाज चुकला तर दुमड सोडायला कितीसा वेळ लागतो?

त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा जाणे झाले. निघतानाच वहिनी म्हणाल्या, “आज रीफ घेऊनच निघू या.” दादांनी हाताच्या तळव्याकडे एकदा पाहिले आणि निमूट दोर सोडला. दिवसभर वारा काही वाढला नाही. आमची होडी रमतगमत चालली, मांडव्याच्या दोन लाँचेस आमच्यापुढे निघून गेल्या.

थर्मास मात्र जागचा हलला नाही.