निवडुंगाच्या जाती आणि त्यांचीं गुणसूत्रें

बांधावरचा निवडुंग कोणास ठाऊक नाहीं? पण चपट्या फड्यांचा निवडुंग म्हणजे एकच वनस्पति, ही सर्वसाधारण समजूत बरोबर नाहीं. १७९५ सालीं किरमिजी रंग देणारा समजून एक किडा ब्राझीलहून बंगाल्यांत आणण्यांत आला. रंगाच्या कामीं तो हलका निघाला. मात्र मोनॅकँथा जातीचा निवडुंग त्यानें झपाट्यानें खाऊन टाकला. दक्षिणेंतील फड्या निवडुंगास त्यानें तोंडहि लावलें नाहीं. त्या निवडुंगाचा उपद्रव आवरण्यासाठीं १९२६ सालीं लंकेहून दुसऱ्या जातीचा किडा आणावा लागला. माणसाच्या नजरेंतून सुटलेला भेद किड्यानें अचूक ओळखला.

हा भेद समजण्यास पेशींच्या आंत डोकवावें लागतें. प्रत्येक पेशींत धाग्यांसारखीं गुणसूत्रें असतात व आईबापांचे गुण त्यांच्या द्वारें संततींत उतरतात. त्यांची संख्या त्या त्या जातींत बहुधा ठरलेली असते. देशी कापसांत तीं २६, तर अमेरिकन कापसांत ५२ आहेत. म्हणूनच या दोहोंचा संकर केल्यास संतति बहुधा वांझ निघते. खपली गव्हांत २८ व पोळीच्या सामान्य गव्हांत ४२ आहेत.

निवडुंगाचा मूळ अंक ११ आहे. त्याच्या दुपटीनें २२, चौपटीनें ४४, सहापटीनें ६६ व आठपटीनें ८८ अशा संख्या निरनिराळ्या जातींत आढळतात. मोजणीसाठीं फडा लावून त्यास फुटलेल्या कोवळ्या मुळीचें टोंक घेतात व तें रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. निवडुंगाचा रस बुळबुळीत आणि गुणसूत्रें फार लहान, त्यामुळें हें काम मोठ्या चिकाटीचें आहे. कांहीं झाडांत ३३ किंवा ५५ अशा विषम संख्याहि सांपडतात. अशा झाडाचें बी सहसा नीट धरत नाहीं. परंतु फडा मातींत पडला कीं रुजतो, म्हणून त्याचा वंश बियांवांचूनहि टिकतो.

या ज्ञानाचा शेतकऱ्यास काय उपयोग, हें ब्राझीलच्या ईशान्य भागाकडे पाहिल्यास कळेल. तो प्रदेश अवर्षणाचा असून तेथें लाखों हेक्टरांवर निवडुंग वैरणीसाठीं लावलेला आहे. त्यांत दोन वाण प्रमुख होते. ‘गिगांते’ हा मोठ्या फड्यांचा, ८८ गुणसूत्रांचा. ‘मिउदा’ हा लहान फड्यांचा, २२ गुणसूत्रांचा. या शतकाच्या आरंभीं तेथें किरमिजी किड्याची धाड आली व गिगांतेचे मळेच्या मळे वाळून गेले. मिउदा मात्र तगला. म्हणून गुणसूत्रें कमी तितकें झाड चिवट, असा अर्थ कोणीं काढूं नये. कांटेरी व बिनकांटेरी अशा दोन्ही प्रकारांत ८८ गुणसूत्रें असूं शकतात. संख्येवरून गोडी, कांटे किंवा रोगप्रतिकार ठरत नाहीं. संख्येवरून कळतें तें इतकेंच कीं, दोन वाणांचें कूळ किती वेगळें आहे.

आतां आपल्याकडे वळूं. महाराष्ट्रांत फलटणची निंबकर कृषिसंशोधन संस्था व उरुळीकांचनची बायफ यांनीं बिनकांटेरी निवडुंगाच्या वैरणीचे प्रयोग केले आहेत. हा निवडुंग गिगांतेच्याच जातीचा, ८८ गुणसूत्रांचा आहे. आणि ब्राझीलांत ज्या किड्यानें मळे बुडविले, तो १९२६ सालीं आपल्या देशांत आणलेल्या किड्याच्याच जातीचा आहे! ज्यास आपण मित्र म्हणून बोलाविलें, तो नव्या पिकाचा शत्रु ठरूं शकतो.

यास्तव लागवड करणारांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. सर्व रान एकाच वाणाखालीं आणूं नये. बेणें माहितीच्या, निरोगी झाडाचें घ्यावें. बियांपासून केलेल्या रोपांत कांटे पुन्हां उमटण्याचा संभव असतो. फडा कापल्यावर जखम सुकेपर्यंत तो सावलींत ठेवावा, मग लावावा. फड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसल्यास ते चिरडून पाहावे. तांबडा रस निघाला तर किडा आला असें समजून ते फडे तत्काळ काढून जाळावे. किडा लागलेल्या रानटी निवडुंगाजवळ नवी लागवड करूं नये.

फड्यांत शेंकडा सुमारें ९० भाग पाणीच असतें, म्हणून गुरांस नुसते फडे न घालतां कडब्याबरोबर द्यावे. दुष्काळांत कांटे जाळून निवडुंग चारण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. पण आतां तो मुद्दाम लावावयाचा, तर ज्वारीच्या बियाण्याची निवड आपण ज्या काळजीनें करतों, तीच काळजी निवडुंगाच्या बेण्याच्या बाबतींतहि घेतली पाहिजे.