डिझेल ट्रकचा पंप कसा जपावा?

काशीदमार्गे जाणाऱ्या अलिबाग–मुरुड रस्त्यावर कर्जाने घेतलेला ट्रक चालविणाऱ्या आपल्या बांधवाचा पंप गेला, तर हप्त्याचे पैसे दुरुस्तीत जातात. हे बहुधा टाळता येते.

कॉमन रेल इंजिनातील पंप डिझेलला हवेच्या दाबाच्या दीड हजार पटींहून अधिक दाब देतो. त्याच्या भागांतील फट केसाहूनही बारीक असते आणि त्यांना वंगण मिळते ते डिझेलचेच. म्हणून पाणी, कचरा किंवा रॉकेल मिसळले की धातू घासतो. त्याचा कीस नोझलपर्यंत जाऊन तेही निकामी करतो. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक अत्यल्प असते. ते काढताना वंगणगुण घटतो, म्हणून पूरक द्रव्य घालतात. भेसळीने तो गुण पुन्हा कमी होतो.

किनाऱ्यावरील दमट हवेत अर्धवट रिकाम्या टाकीत रात्री पाणी साचते. म्हणून :

१) शक्यतो सायंकाळीच टाकी भरावी, झाकण घट्ट असावे.
२) फिल्टरखालील पाणी नियमित काढावे, पावसाळ्यात अधिक वेळा.
३) फिल्टर वेळेवर बदलावा.
४) टाकी कोरडी पडू देऊ नये.

विद्यार्थी मित्रांनो, इंजिन चालू असताना दाबाची नळी कधीही सैल करू नका. डिझेलची धार कातडीत घुसते.