मिठाचं पोतं

गेल्या महिन्यात धाकट्याला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. वय पस्तिशीच्या आसपास. नगरच्या डॉक्टरांनी (अहिल्यानगर झालं, आमच्या तोंडी अजून नगरच) कागद बाजूला ठेवले आणि माझ्याकडे बघून हसत म्हणाले, "आजी, हा पोटात असताना मीठ फार खाल्लंत वाटतं!" थट्टाच ती, पण बीड जिल्ह्यातलं आमचं कडा गाव येईपर्यंत मनातून गेली नाही.

आमच्याकडच्या बहात्तरच्या दुष्काळावर सगळ्यांनी लिहिलं आहे, मी काय भर घालणार? 2000 नंतरच्या वर्षांत मिठाची पाकिटं आली, मोबाईल आले, 2022 ला रेल्वेही आली. कान टवकारावेत असं त्यात काही नाही. माझा जीव अडकतो तो 1985 ते 95 या दहा वर्षांत; धाकटा पोटात होता तो हाच काळ.

तेव्हा मी शाळेत शिकवायची. दिवाळी झाली की निम्मा वर्ग आईबापाच्या कोयत्यामागं ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे जायचा आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परतायचा. किराणा दुकानाच्या ओट्यावर खड्याच्या मिठाचं पोतं रात्रभर उघडं पडलेलं असे. तेलाचा डबा आत, कुलपात. मीठ कोण चोरणार?

ऊसतोडीच्या टोळीतून आलेल्या बायका सांगत, पहाटे तीनला उठून भाकरी थापायची, सोबत ठेचा. ठेचा खारटच करायचा, म्हणजे बोटभर ठेच्यात दोन भाकरी जातात आणि उन्हात संध्याकाळपर्यंत टिकतोही. यातल्या कितीजणी पोटुशी असत! मी पगारदार, तरी माझीही तऱ्हा वेगळी नव्हती. गोठ्यात दूध होतं, पण ते पहाटेच डेअरीला जायचं. माझ्या वाटणीला लोणचं, मीठ लावलेली चिंच आणि सासूबाईंचं "गरवारपणात तोंडाला चव लागते गं."

त्याच काळात, 1988 साली, अमेरिकेत बॅरी ब्रेनर मांडत होते की मूत्रपिंडात जन्मतः गाळण्या कमी असतील तर पुढं रक्तदाब वाढू शकतो. या गाळण्या आईच्या पोटातच, साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत घडतात. नंतर नवी एकही होत नाही. 2003 मध्ये जर्मनीत अपघातात गेलेल्यांची मूत्रपिंडं तपासली, तेव्हा रक्तदाब असलेल्यांत एका मूत्रपिंडात सात लाखांच्या आसपास गाळण्या निघाल्या, नसलेल्यांत चौदा लाख. आईच्या मिठाची गोष्ट मात्र मुख्यतः उंदरांवरची आहे. गाभण मादीला फार खारट चारलं की पिलांच्या गाळण्या कमी भरल्या. फार अळणी चारलं, तरी कमीच भरल्या! डॉक्टरांच्या थट्टेत हे दुसरं वाक्य नव्हतं.

पुण्याजवळच्या सहा गावांत तिथल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून गरोदर बायकांचं खाणं आणि बाळांची वजनं मोजली. दूध, फळं, पालेभाजी जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळं अंगानं सरस निघाली. आता सांगा, आमचं दूध डेअरीला कोण घालत होतं? पालेभाजी बाजारात नेऊन मिठामिरचीचे पैसे कोण करत होतं? त्या घरांत मीठ जास्त होतं, कारण बाकी सगळं कमी होतं.

2019 ला बीडच्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली. 82 हजारांहून अधिक बायकांत 13 हजारांवर जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. तेव्हाही काही शहाणे बायकांच्याच अडाणीपणावर घसरले. पाळीचा खाडा पडला तर पैसे कापणारा मुकादम त्यांना दिसला नाही. आता लेकरांच्या मूत्रपिंडाचा हिशोबही आमच्याच पदरात घालणार असाल, तर मुकादमाची उचलीची, आगाऊ दिलेल्या पैशांची वहीही शेजारी उघडून ठेवा.

ठेच्यात हल्ली मी निम्मंच मीठ घालते. धाकटा तोंड वाकडं करतो. सून पाच महिन्यांची आहे. तिच्यासाठी सकाळचं एक भांडं दूध आधी काढून ठेवते, मग किटली डेअरीला जाते. काल तिनं लोणच्याची फोड मागितली. बरणी वरच्या फळीवर ठेवली होती, ती खाली काढली आणि दिली.