हाताला कळणारा रस्ता

बालरोगतज्ज्ञाच्या खोलीत विचारले जाणारे प्रश्न काळाप्रमाणे बदलत जातात. पूर्वी दहाव्या वाढदिवसाला सायकल घ्यावी की नाही, घेतली तर किती इंचांची, असे पालक विचारीत. आता औषधांची चिठ्ठी हाती पडली की वडील किंचित संकोचाने म्हणतात, "डॉक्टर, हा कॉम्प्युटरवरच्या मोटार-शर्यतींसाठी स्टिअरिंग मागतो आहे. घेऊन द्यावे का? हाताला काही अपाय तर नाही?" प्रश्न मुलाच्या नावे असला, तरी विचारणाऱ्याच्या डोळ्यांतील चमक पाहिल्यावर ते चाक घरात नेमके कोणाला हवे आहे, याविषयी शंका यावी! आपल्या व्यवसायबंधूंमध्येही या छंदाचे उपासक आहेत. तेव्हा हा विषय आपल्या स्मरणिकेत अगदीच परका ठरू नये.

वस्तू स्वस्त नाही. बऱ्यापैकी 'फोर्स फीडबॅक' चाकाला एखाद्या उत्तम सायकलीइतके पैसे मोजावे लागतात आणि निवड चुकली तर ते दोन महिन्यांत माळ्यावर जाऊन बसते. बहुतेक खरेदीदार 'मोटार किती जोरदार?' या प्रश्नापासून आरंभ करतात. माझ्या मते या खरेदीतील तो शेवटचा प्रश्न आहे. का, ते सांगण्यासाठी थोडे शरीरशास्त्राकडे वळावे लागेल.

हात काय वाचतो?

खंडवा मार्गावरचा भेरूघाट मोटारीने उतरणाऱ्या इंदूरकराला हा अनुभव नवा नाही. वळणावर चाक फिरवले की ते आपल्या हाताला विरोध करते. पकड सैल केली की आपोआप सरळ होऊ पाहते. पुढच्या चाकांच्या बसवणुकीतील कल आणि टायरचा रस्त्याशी होणारा स्पर्श यांतून हे बल निर्माण होते. पावसात रस्ता निसरडा झाला आणि टायर पकड सोडू लागले की हाच विरोध एकाएकी हलका होतो. गाडी घसरल्याचे डोळ्यांना दिसण्यापूर्वी हाताला कळते, ते या हलकेपणामुळे.

स्नायू, स्नायुबंध आणि सांधे यांतून मेंदूला सतत मिळणाऱ्या या जाणिवेसाठी सर चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली 'प्रोप्रिओसेप्शन' ही संज्ञा रूढ केली. प्रथम वर्षात आपण सर्वांनी ती पाठ केली. परीक्षेनंतर तिची आठवण फारशी कोणी काढली नाही. खऱ्या गाडीत या जाणिवेच्या जोडीला अंतःकर्ण असतो, पाठीला आणि मांड्यांना जाणवणारा आसनाचा दाब असतो. खुर्चीत बसून पडद्यावर गाडी चालवणाऱ्याकडे यांतले काहीच नसते. डोळे आणि कान सोडले, तर त्याच्यासाठी एकच वाट मोकळी उरते, ती हाताची. टायरवर या क्षणी किती बल आहे याचे गणित प्रोग्राम सेकंदाला शेकडो वेळा मांडतो आणि चाकामागची मोटार तेवढेच बल हातावर उतरवते. 'फोर्स फीडबॅक' म्हणतात ते हेच.

म्हणून खोक्यावरचा शब्द नीट वाचावा. 'व्हायब्रेशन' म्हणजे केवळ थरथर; मोबाइलही थरथरतो. पुष्कळशा स्वस्त चाकांत आत रबर किंवा स्प्रिंग असते आणि ती प्रत्येक वळणावर सारख्याच जोराने चाक मध्यावर खेचते. कोरड्या रस्त्यावर आणि चिखलात तिचे सांगणे एकच. असे चाक हाताला खोटी बातमी देते. पैसे कमी असतील, तर त्यापेक्षा नेहमीचा हातातला कंट्रोलर बरा.

तीन जाती

मोटारीचे बल चाकापर्यंत पोहोचवण्याच्या तीन पद्धती आहेत. पहिली दात्यांच्या चक्रांची, म्हणजे गिअरची. लॉजिटेक कंपनीचे २००६ मधील जी-२५ आणि २०१५ मधील जी-२९ ही या जातीची प्रसिद्ध उदाहरणे. रचना दणकट, देखभाल जवळजवळ नाही. मात्र दाते एकमेकांवर आपटल्याचा खडखडाट होतो आणि बारीकसारीक संदेश त्यात हरवतात. रात्री शेजारच्या खोलीत कोणी झोपलेले असेल, तर हा आवाज दुर्लक्षण्याजोगा नसतो.

दुसरी पद्धत पट्ट्याची. थ्रस्टमास्टर कंपनीचे टी-३०० हे तिचे परिचित रूप. चाक रेशमासारखे फिरते, आवाज कमी होतो. पण पट्ट्याच्या लवचिकपणामुळे तीव्र धक्के किंचित बोथट होतात. तिसरी पद्धत 'डायरेक्ट ड्राइव्ह'. येथे मध्ये काहीच नसते. चाक थेट मोटारीच्या आसावरच बसते. पूर्वी ही चैन केवळ व्यावसायिकांची होती. २०२१ साली फॅनाटेकने सी.एस.एल. डी.डी. हे ५ न्यूटन-मीटरचे लहान यंत्र आणले, पाठोपाठ मोझासारख्या कंपन्या आल्या आणि ही जात सामान्य हौशी माणसाच्या आवाक्याजवळ पोहोचली.

न्यूटन-मीटर या एककाचा बाऊ करण्याचे कारण नाही. १० सेंटिमीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला १ किलोचे वजन टांगले, तर साधारण १ न्यूटन-मीटर पीळ पडतो. जी-२९ चा जोर सुमारे २ न्यूटन-मीटर; २८ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाच्या कडेवर तो जवळजवळ दीड किलो वजनाइतका भासतो. ८ न्यूटन-मीटरच्या यंत्रात हाच भार पावणेसहा किलोंच्या घरात जातो. प्रौढ हाताला तो व्यायाम. आठ वर्षांच्या हाताला ती झटापट.

जोर अधिक म्हणजे माहिती अधिक, हा समजही तपासून घ्यावा. एक्स-रे गरजेपेक्षा जास्त एक्स्पोज झाला की फुप्फुसातील बारीक रेषा काळ्या रंगात बुडून जातात. लहान मोटारीला प्रोग्राममधून पूर्ण जोर द्यायला लावले की तसेच घडते. तिची मर्यादा आधीच गाठली गेल्यामुळे मोठा धक्का आणि मध्यम धक्का हाताला सारखाच लागतो. जोर थोडा उतरवला की तेच चाक पुन्हा बारकावे सांगू लागते. मोठ्या यंत्राचा खरा लाभ हाच, की ते कमी जोरावर चालवूनही त्याच्याजवळ शिल्लक उरते.

चाक किती अंश फिरते हेही पाहावे. सामान्य मोटारीचे चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे अडीच फेरे, म्हणजे ९०० अंश फिरते. फॉर्म्युला वनचे त्याच्या निम्म्याहूनही कमी. ९०० अंशांचे चाक प्रोग्राममधून कमी अंशांवर आणता येते. मुळातच २७० अंशांचे असलेले चाक वाढवता येत नाही. ज्यांना शर्यतीपेक्षा 'युरो ट्रक सिम्युलेटर २' मध्ये निवांत मालवाहतूक करण्यात आनंद वाटतो, त्यांच्यासाठी तर ९०० अंश आवश्यकच.

पाय आणि टेबल

शर्यतीत वेळ कमावला जातो तो मुख्यतः ब्रेकवर. तरीही खरेदीच्या वेळी पेडलांकडे कोणी पाहत नाही. साध्या पेडलात रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा पोटेन्शिओमीटर असतो. पाय किती खाली गेला एवढेच तो मोजतो. वापराने आणि धुळीने तो काही वर्षांत चाचरू लागतो. त्याहून टिकाऊ चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर, कारण त्यात काही घासले जात नाही. ब्रेकसाठी सर्वांत चांगला 'लोड सेल'. आपल्या दवाखान्यातील तान्ह्या बाळांच्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यात असतो तोच! तो अंतर मोजत नाही, दाब मोजतो. आणि खऱ्या गाडीतही आपला पाय दाबच लक्षात ठेवतो. थोडेच पैसे जास्त खर्च करायचे असतील, तर मोठ्या मोटारीऐवजी अशा ब्रेकवर करावेत.

यानंतरचा प्रश्न टेबलाचा. चाक शिकंज्याने टेबलाच्या कडेला आवळावे लागते. टेबल हलके, काचेचे किंवा चाकांवर सरकणारे असेल, तर मोटारीचा सारा जोर टेबल हलवण्यात जातो आणि हाताला कळायचे ते राहूनच जाते. पेडल फरशीवर मागे सरकू लागले की मूल खुर्चीच्या टोकावर येऊन बसते आणि पाठ वाकवते. खुर्चीची चाके अडवावीत, पेडल भिंतीला टेकवावेत. डायरेक्ट ड्राइव्ह घ्यायचे असेल, तर लोखंडी स्टँडचा खर्च आधीच हिशेबात धरावा.

जुळणीचीही खात्री करून घ्यावी. कॉम्प्युटरवर बहुतेक चाके चालतात. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स यांचे तसे नाही. जी-२९ प्लेस्टेशनसाठी, त्याचे जुळे भावंड जी-९२० एक्सबॉक्ससाठी. कॉम्प्युटरवर दोन्ही चालतात. दिसण्यात साम्य असल्याने दुकानात घोटाळा होणे सहज शक्य आहे. परदेशातील नातेवाइकाकडून मागवताना वॉरंटी येथे लागू होईल का, हे आधी विचारावे. मोटार बिघडली, तर एवढे जड यंत्र परत पाठवणे परवडत नाही.

वैद्यकीय सूचना

आता पालकांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. अपाय होऊ शकतो, आणि त्याचे ठिकाण म्हणजे अंगठा. गेममध्ये गाडी भिंतीवर आदळली की जोरदार यंत्राचे चाक क्षणात गरकन फिरते. अंगठा आऱ्यांच्या आत अडकवून धरला असेल, तर त्याच्या मुळाशी असलेल्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर ताण येतो. या दुखापतीला आपण 'गेमकीपर्स थंब' म्हणतो. १९५५ साली स्कॉटलंडमधील शिकार-राखणदारांच्या अंगठ्यांवरून पडलेले ते नाव या गेमलाही लागू पडावे, हा योगायोग! वाढत्या वयात अस्थिबंधापेक्षा हाडाची वाढ-तबकडी नाजूक असते. म्हणून मुलाचा अंगठा सुजला आणि मुळाशी दुखू लागला, तर 'मुरगळला असेल' म्हणून न सोडता एक्स-रे काढावा. टाळण्याचा उपाय सोपा आहे. अंगठे चाकाच्या कडेवर ठेवायचे, आत गुंतवायचे नाहीत, आणि गाडी आदळणार असे दिसताच पकड सैल करायची.

माझ्या मते ज्या मुलाचे पाय खुर्चीत टेकून बसल्यावर पेडलापर्यंत सहज पोहोचत नाहीत, त्याच्यासाठी चाक घेण्याची घाई करू नये. दहा-बारा वर्षांच्या मुलाला २ न्यूटन-मीटरचे गिअर किंवा पट्ट्याचे चाक पुरेसे. डायरेक्ट ड्राइव्ह घरात असेलच, तर मुलासाठी कमी जोराची वेगळी मांडणी जतन करून ठेवावी आणि यंत्र बंद करण्याचे बटण हाताशी असावे. काही मुलांना मळमळते. डोळे सांगतात गाडी वळली, अंतःकर्ण सांगतो आपण स्थिर आहोत. अशा वेळी खेळ थांबवणे हेच औषध. प्रकाशाच्या लखलखाटाने झटके येणाऱ्या मुलाच्या बाबतीत आधी त्याच्या डॉक्टरांशी बोलावे. वेळेचे बंधन तर हवेच. पण एक गोष्ट चाकाच्या बाजूने सांगितली पाहिजे. ताठ बसून, दोन्ही हात-पाय वापरून अर्धा तास गाडी चालवलेले मूल आपण होऊन थकते. पलंगावर लोळून मोबाइल पाहणारे मूल थकत नाही.

खरा रस्ता

एक धोका मात्र अंगठ्याहून मोठा आहे. २०११ साली जॅन मार्डनबरो हा ब्रिटिश तरुण 'ग्रान टुरिस्मो' या गेमच्या स्पर्धेतून निवडला गेला आणि पुढे ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरला. २०२३ साली त्याच्यावर चित्रपट निघाला. चौदा-पंधरा वर्षांची मुले ती कथा ऐकतात आणि आपल्यालाही गाडी येते असे मानू लागतात. निवडीनंतर त्याला खऱ्या गाडीवर खडतर प्रशिक्षण घ्यावे लागले, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. गेममध्ये आदळलेली गाडी एका कळीने पुन्हा उभी राहते. रस्त्यावर ओढणी सावरत जाणारी मुलगी, दुधाची किटली बांधलेली सायकल आणि अचानक आडवी येणारी गाय असते. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीनुसार अज्ञान मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला अथवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, तसेच त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. चाक घरात येईल त्याच दिवशी खऱ्या गाडीची किल्ली मुलाच्या हाताबाहेर ठेवावी आणि का ठेवली, तेही त्याला समजावून सांगावे.

तात्पर्य, खरेदीचा क्रम असा असावा: प्रथम टेबल हलवून पाहावे. मग खुर्चीत बसून पाय कुठवर जातात ते पाहावे. त्यानंतर आपले यंत्र कोणते आणि खोक्यावर 'फोर्स फीडबॅक' लिहिले आहे की 'व्हायब्रेशन', हे वाचावे. मग ब्रेक पायाने दाबून पाहावा. मोटारीचा जोर सर्वांत शेवटी विचारात घ्यावा, आणि तो ज्याच्या हातात चाक जाणार आहे त्याच्या मनगटाकडे पाहून ठरवावा.